सांधा बघायचा तर पावसात या

आर्किटेक्चरच्या मुलांनी बेळगावला यायचं तर पावसाळ्यात यावं, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक कॉलेजं स्टडी टूर डिसेंबर-जानेवारीत काढतात. हवा छान असते, फोटो स्वच्छ येतात, मुलं आजारी पडत नाहीत. पण कोरड्या हवेत सगळ्याच इमारती चांगल्या दिसतात. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की तो गणपतीपर्यंत पाठ सोडत नाही. कुठलं छप्पर काय करतं, पागोळ्या कुठं पडतात, कुठल्या भिंतीला ओल चढते, हे तेव्हा डोळ्यांसमोर घडत असतं. ते आधी बघावं आणि मग प्लॅन काढायला बसावं.

माझी एक वर्गमैत्रीण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकवते. ‘जुनं बेळगाव, नवं बेळगाव’ असा विषय घेऊन मुलांना आणू का, म्हणून तिचा मे महिन्यात फोन आला. मी म्हटलं, आण, पण श्रावणात आण. आणि जुनं एका बाजूला, नवं एका बाजूला असं करू नको. मुलांना एकच काम देऊ. प्रत्येक इमारतीत दोन वेगळ्या गोष्टी जिथं भेटतात ती जागा शोधायची. दगड दगडाला कसा भेटतो, लाकूड भिंतीला कसं भेटतं, कौल स्लॅबला, जुनी खोली नव्या खोलीला. त्या सांध्याचा सेक्शन, म्हणजे तो मधून कापला तर आत काय दिसेल त्याचं चित्र, मोठ्या स्केलला काढायचा, एकास पाच किंवा एकास दहा. एलिव्हेशन, स्केचेस, रंगवलेली शीटं त्यानंतर हवी तेवढी करा.

हा आग्रह माझ्या रोजच्या कामातून आलाय. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझं छोटं ऑफिस आहे. मोठमोठे प्रकल्प माझ्याकडे येत नाहीत. येतात ती राहती घरं. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ. कुणाला वर एक मजला चढवायचा असतो, कुणाला परसात बाथरूम काढायचं असतं, कुठं दोन भावांची वाटणी झालेली असते आणि मधे भिंत घालायची असते. आणि पावसाळ्यात येतात त्या गळतीच्या तक्रारी. इतकी वर्षं गळत्या बघून माझी खात्री झालीय की भिंत मधोमध क्वचितच गळते आणि कौलही मधोमध क्वचितच गळतं. पाणी शिरतं ते सांध्यात. आणि सांधा तर कॉलेजात कुणी शिकवत नाही. शिकवतात प्लॅन, शिकवतात फॉर्म. म्हणून मला ही मुलं हवी होती.

पहिला दिवस किल्ल्याचा. खंदक ओलांडून आत गेलं की गणपतीचं आणि दुर्गेचं देऊळ लागतं, तिथं सगळ्यांनी चपला काढून नमस्कार केला आणि पुढं कमल बस्तीकडे निघालो. पाऊस बारीक होता. छत्री, मेजर टेप, ओळंबा, टॉर्च आणि जाड पुठ्ठ्याचं पॅड, एवढंच घ्यायला सांगितलं होतं. लेझर मीटर एकानं आणला होता, तो मी पिशवीत ठेवायला लावला. टेपनं मोजताना दगडाला हात लावावा लागतो. त्याची धार कुठं गुळगुळीत आहे आणि कुठं छिन्नीचे घाव तसेच ठेवलेत, ते त्या हाताला कळतं.

कमल बस्ती हे नेमिनाथाचं मंदिर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं ते १२०४ साली बांधवलं. बेळगावचं तेव्हाचं नाव वेणुग्राम, आणि सौंदत्तीच्या रट्टांनी राजधानी इथं हलवली ती याच सुमारास. म्हणजे राजधानी नवी होती आणि हे मंदिर त्या काळातलं ‘नवं बांधकाम’ होतं, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. मुखमंडपाच्या छतातून एक कमळ खाली उमललंय, त्यावरून बस्तीला नाव पडलं. त्याला ७२ पाकळ्या आहेत. २४ तीर्थंकर भूतकाळातले, २४ वर्तमानातले, २४ भविष्यातले.

बहुतेक पाहुणे इथं मान वर करतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. आमची मुलं फरशीवर आडवी झाली. कोल्हापूरची एक मुलगी पाठीवर पडून, पॅड पोटावर धरून बराच वेळ छताकडे नुसती बघत होती. मग ती म्हणाली, "मॅडम, हे लटकलंय कशाला?" मला हाच प्रश्न हवा होता. या काळातल्या मंदिरांत अशा छताला कमान नसते, आणि सांध्यात चुनाही नसतो. दगडाच्या एका थरावर दुसरा थर थोडा पुढं काढून ठेवायचा, त्यावर तिसरा आणखी पुढं. वर्तुळ लहान होत जातं आणि शेवटी बंद होतं. पुढं आलेल्या भागाला खाली ओढणारं वजन आणि मागच्या बाजूला दाबून धरणारं वजन यांचा तोल जमला पाहिजे. तो जमलाय म्हणून आठशे वर्षं कमळ वर आहे. म्हणजे छताचं खरं काम आपल्याला दिसत नाही त्या भागात, मागच्या दाबात चाललंय.

मग खांब. चरकावर फिरवून घडवलेले, पाणी मारल्यागत गुळगुळीत. जवळून बघितलं की तळखडा वेगळा, खांब वेगळा, वरची बैठक वेगळी, त्यावर हस्त, त्यावर तुळई. सगळे दगड नुसते एकावर एक बसवलेले. मुलांनी त्या सांध्यात पोस्टकार्डाची कड घालून बघितली, जात नव्हती. इचलकरंजीचा एक मुलगा म्हणाला, "यात चुना नाही म्हणजे पाणी यायला पाहिजे." त्याला मी ऐहोळेचं लाडखान मंदिर सांगितलं. तिथं छपरावर दगडाच्या मोठ्या फळ्या उतरत्या टाकल्यात आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर दगडाचीच लांब पट्टी झाकण म्हणून बसवलीय. सांधा बंद करायला लुकण नाही वापरलं. पाणी सांध्यापर्यंत पोचूच नये अशी सोय केली. ही युक्ती बस्तीच्याही पाच-सहाशे वर्षं आधीची. इचलकरंजीच्या मुलानं वहीत लाडखान असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

किल्ल्यातच सफा मशीद आहे, सोळाव्या शतकातली, आदिलशाही सरदार असदखान लारीच्या काळातली. तिच्यात जुन्या मंदिरांचे खांब वापरलेत. त्यातल्या दोन खांबांवर लेख आहेत. एक ११९९ चा, त्याच चौथ्या कार्तवीर्याच्या काळातला. दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादव कृष्णाच्या काळातला. भाषा कानडी आणि अक्षरं नागरी. आमच्या गावात भाषेवरून काय काय होतं ते इथल्या वाचकाला सांगायला नको. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कानडी नागरीत कोरताना काही अडचण वाटली नव्हती, एवढं मी मुलांना दाखवलं आणि त्यावर भाषण दिलं नाही. त्यांना दिलेला प्रश्न आर्किटेक्टचा होता. दुसऱ्या इमारतीसाठी घडवलेला खांब नव्या छताखाली आणायचा तर उंची जुळवायची कशी? खाली भर घालून की वर? जमिनीत पुरून? प्रत्येकानं आपापलं उत्तर काढलं. किल्ल्यात लष्कराचा वावर असतो, तेव्हा परवानगी आणि वेळ आधी बघून जावं.

कॅम्पातले बंगले आणि सेंट मेरी चर्च आम्ही एका सकाळीच उरकलं. चर्च एकोणिसाव्या शतकातलं, गॉथिक धर्तीचं, टोकदार कमानींचं. चांगलं आहे, पण त्या इमारतीची भाषा मुलांनी पुस्तकांतून आधीच पाठ केलेली असते. बंगल्यांनी मात्र मला दरवेळी काहीतरी शिकवलंय. चारी बाजूंनी खोल व्हरांडा, त्यावर कौलाची उतरती पडवी, त्यामुळे मुख्य भिंतीला पाऊस लागतच नाही. इंग्रजांनी ही पडवी इथल्याच घरांकडून घेतली, मग पुढं इथल्या लोकांनी इंग्रजांच्या बंगल्यावरून ती पुन्हा उचलली. मंगळुरी कौल हेही तसंच फिरून आलेलं. मंगळुरात बासेल मिशनच्या लोकांनी १८६० च्या दशकात कौलाचा कारखाना काढला. आमच्या खानापूरची माती कौलाला आणि विटेला चांगली, म्हणून तिथंही पुढं कारखाने निघाले. खानापुरात मातीकामाची केंद्र सरकारची संस्थाही आहे. एक चौरस मीटर छपराला साधारण १५ कौलं लागतात. कौलाच्या कडेला जी खोबण असते ती शेजारच्या कौलाच्या उंचवट्यावर बसते, मधे थोडी हालायला जागा राहते. त्या खोबणीचा एकास एक सेक्शन मी सगळ्यांकडून काढून घेतला. पुढं त्याचं काम पडणार होतं.

काम पडलं शहापुरात.

शहापूर आज बेळगावात मिसळून गेलंय. बाहेरच्याला हे कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते समजत नाही. पण स्वातंत्र्याआधी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडे. दोन राज्यं, मधे दहा मिनिटांची चाल. म्हणून शहापुराला स्वतःची बाजारपेठ आहे, स्वतःची सराफी आहे आणि विणकरांच्या गल्ल्या आहेत. शहापुरी साडी इथली. या गल्लीतली घरं अरुंद आणि लांबलचक. आम्ही ज्या घरी गेलो ते रस्त्यावर जेमतेम चौदा फूट आणि आत सत्तर फूट. आजी, त्यांची सून आणि नातू असे तिघं राहतात. माझ्याकडे गळतीसाठी आलेलं घर, म्हणूनच आजींनी इतक्या मुलांना आत घेतलं.

मुलं दारात संकोचून थांबली होती. आजी आतून ओरडल्या, "बाहीर का उभारलासा? आत या की. पाय तेवढे पुसून या म्हंजे झालं."

आधी कट्टा. आजींच्या लग्नात तो रस्त्यापासून तीन पायऱ्या उंच होता, आता एक उरलीय. घर खचलेलं नाही. रस्ता दर काही वर्षांनी थर चढवत वर आलाय. मुलांनी जुन्या पायऱ्यांची जागा शोधून जोत्याचा सेक्शन काढला. त्यात रस्ता आणि घराची फरशी यांत उरलेला फरक लिहिला, नऊ इंच. आणखी दोन वेळा रस्ता झाला की पाणी सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत. मग सोपा. त्याच्या एका कडेला फळ्यांनी झाकलेला खड्डा. इचलकरंजीच्या मुलानं फळी उचलून बघितली आणि ताबडतोब म्हणाला, "खड्डामाग." त्याच्या आजोबांकडंही असाच होता. विणकर काठावर बसायचा, पाय खड्ड्यात पावड्यांवर. जमिनीलगत ओलावा असतो, ओलाव्यात सूत तुटत नाही. आजी म्हणाल्या, "ह्यात आमचे मामंजी बसायचे. पावसाळ्यात चांगलं निघतंय म्हणायचे लुगडं. उन्हाळ्यात खड्ड्याच्या कडंला पाणी मारायचे."

एवढं ऐकल्यावर सोप्याची खिडकी इतकी खाली का आहे, हे सांगावं लागलं नाही. बसलेल्या विणकराच्या हातावर उजेड पडायला ती जमिनीपासून दीड फुटावर ठेवली होती. एका मुलीनं खड्ड्याच्या काठावर बसून, डोळ्यांची उंची मोजून, खिडकीपर्यंत रेघ ओढली. मला वाटतं संपूर्ण सहलीतलं ते सर्वांत चांगलं ड्रॉइंग. तिनं घर मोजताना घरातल्या कामापासून सुरुवात केली.

सोप्याच्या मागं माजघर, मग स्वयंपाकघर, मग परसू. परसात आड. वर लाकडाचं छप्पर. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे, तुळईला खाच, खांबाला त्या खाचेत बसणारं कुसू. वाशांवर रिपा, रिपांवर मंगळुरी कौलं. आढ्यापासून मागच्या बाजूला छप्पर परसाकडे उतरायचं आणि पागोळ्या परसात पडायच्या, आडाच्या बाजूनं गटारात जायच्या. १९८५ च्या आसपास घरात माणसं वाढली, तेव्हा परसातली अर्धी जागा घेऊन स्लॅबची खोली बांधली. स्लॅब वळचणीपेक्षा दोन फूट उंच. म्हणजे कौलावरून सरळ खाली यायचं ते सगळं पाणी आता एका भिंतीवर येऊन थडकतं. कौल आणि भिंत यांच्या बेचक्यात सिमेंटचं लुकण भरलंय. दरवर्षी ते फुटतं. दरवर्षी मे महिन्यात नवं भरतात. जुलैत परत पातेली मांडतात.

आम्ही गेलो तेव्हा पातेली मांडलेलीच होती. तीन. पाऊस जोरात आला आणि मुलांनी जे बघायचं ते समोर बघितलं.

माझ्यासोबत मेस्त्रीमामा होते. येळ्ळूरचे, सत्तरी ओलांडलेली. लहानपणी बापाबरोबर चुन्याच्या घाणीवर काम केलेले, नंतर आयुष्यभर आरसीसी. दोन्ही हातांनी केलेलं माणूस मला दुसरं ठाऊक नाही. मुलांनी विचारलं की दरवर्षी भरूनही का फुटतं? मामा म्हणाले, "सिमिट घट्ट असतंय. लाकूड पावसात फुगतंय, उन्हात आकसतंय. घट्टाला आणि हलत्याला एकत्र बांधलासा की फुटणारच बघा. आमी चुन्यात भरायचो तवा चुना थोडा दबून घ्यायचा. पण हितं चुना भरून बी भागायचं न्हाई. हितं भरायचंच न्हाई."

भरायचंच नाही, हे ऐकून मुलं गोंधळली. मग मामांनी पायरीवर बसून खडूनं काढून दाखवलं. कौलाची शेवटची ओळ काढायची. भिंतीलगत जाड गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची रुंद पन्हळ बसवायची. पत्र्याची एक कड कौलाखाली निदान सहा इंच गेली पाहिजे, तिथं खिळा ठोकायचा नाही. दुसरी कड भिंतीवर फूटभर वर चढवायची, भिंतीत आडवी खाच मारून तिच्यात घुसवायची, आणि वरून प्लास्टरचा उतार द्यायचा. पन्हळीला दोन्ही बाजूंना उतार, पाणी शेजाऱ्याच्या अंगणात न जाता आपल्या गटारात. छप्पर त्याच्या जागी हलेल, भिंत तिच्या जागी उभी राहील, पत्रा दोघांनाही न बांधता मधे राहील. त्या खोबणीच्या एकास एक ड्रॉइंगवर मुलांनी तिथंच पत्रा बसवून बघितला. सहा इंच पुरतात की आठ हवेत, यावर मामांबरोबर जोरदार वाद झाला. वाऱ्यानं पाणी उलटं चढतं, हे एका मुलीचं म्हणणं मामांनी मान्य केलं आणि आठ इंच ठरले.

आजी मधेच म्हणाल्या, "मी सांगतो बघ, ही खोली बांधली तवाच ह्यांच्या बानं सांगितलंतं, वळचण तोडू नको म्हणून." ‘ह्यांच्या बा’ म्हणजे ते खड्डामागावर बसणारे मामंजी. त्यांना सेक्शन हा शब्द माहीत नव्हता, पण पाणी कुठून जातं ते माहीत होतं. चहा झाला, सूनबाईंनी कुंदा दिला. पाऊस थांबेपर्यंत मुलं माजघरात बसून मोजमापं लिहीत राहिली.

माजघराच्या भिंतीखालचा पट्टा पांढरा पडला होता, त्यावर मैत्रिणीनं थोडं शिकवलं. जुनी भिंत दगड-मातीची, बाहेरून चुन्याचा गिलावा होता. त्यातून ओल बाहेर पडून वाळायची. वरून सिमेंटचं प्लास्टर आणि ऑइल पेंट लावला की ती बाहेर पडू शकत नाही, वर चढते, आणि क्षार पांढरे फुलून येतात. उपाय म्हणजे प्लास्टर काढून परत चुना. तो महाग आहे आणि करणारी माणसं कमी राहिलीत.

दुसरे दिवशी आम्ही कित्तूरजवळच्या देगावला गेलो. गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं कमलनारायण मंदिर. राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिनं ते बांधवलं. ओळीत तीन गर्भगृहं. आणि इथली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे स्थपतीचं नाव उरलंय: तिप्पोज. आमच्या व्यवसायात राजाराणीची नावं दगडावर राहतात, हात ज्यांचे लागले त्यांची क्वचित. मुलांनी ते नाव मोठ्यानं उच्चारून बघितलं. मी त्यांना म्हटलं, शीटच्या कोपऱ्यात तुमचं नाव लिहिता ना, तसंच मेस्त्रीमामांचंही लिहा. शहापूरचं ड्रॉइंग त्यांच्याशिवाय झालं नसतं.

रिसालदार गल्लीतलं भाटे यांचं घरही मुलांना दाखवलं. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हा आधी वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे उतरले होते. रामकृष्ण मिशननं ते घर स्मारक म्हणून जपलंय. जुनं घर जपायचं तर त्याला कारण लागतं, आणि शहापूरच्या आजींच्या घराला असं कारण नाही. हे एका मुलानं आपणहून म्हटलं आणि त्याचा प्रश्न माझ्या डोक्यात अजून आहे. त्या घराला फक्त तिथं राहणारी माणसं आहेत. मला ते कारण पुरेसं वाटतं.

नवी इमारत म्हणून मुलांना सुवर्ण विधानसौध बघायचा होता. हलगा-बस्तवाडच्या बाजूला महामार्गालगत उंचावर आहे, बसमधून लांबूनच घुमट दिसतो. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. ढंग बेंगळुरूच्या १९५६ च्या विधानसौधाचा. विधिमंडळाचं अधिवेशन बहुधा डिसेंबरात काही दिवस भरतं, एरवी शांत. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या मनात या इमारतीबद्दल काय आहे ते मी इथं लिहीत नाही. माझ्या मनातही आहेच. पण विद्यार्थ्यांनी तिच्याकडे विद्यार्थी म्हणून बघावं, असं मला वाटतं. कुणावर राग असला तरी त्याची इमारत नीट वाचता आली पाहिजे.

आम्ही बाहेरच्या रस्त्यावरूनच बघितलं. मुलं घुमट आणि खांबांच्या प्रमाणाबद्दल बोलायला लागली, बेंगळुरूपेक्षा चांगलं की वाईट. मी विचारलं, हिचा सांधा कुठंय? कुणालाच सांगता येईना. आरसीसी म्हणजे एकसंध, असं सगळ्यांच्या डोक्यात. मग सांगितलं की काँक्रीटही उन्हात वाढतं आणि थंडीत आकसतं. आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेनुसार ४५ मीटरपेक्षा लांब बांधकामाला साधारणपणे एक किंवा जास्त एक्स्पान्शन जॉइंट द्यावे लागतात. म्हणजे पायापासून गच्चीपर्यंत इमारत आरपार कापायची, मधे काही मिलिमीटरची फट ठेवायची, दोन्ही बाजूंना वेगळे खांब. दिसायला एक, असायला दोन-तीन इमारती शेजारी शेजारी. आणि त्या फटीवर गच्चीत काय झाकण आहे यावर पुढची पन्नास वर्षं अवलंबून असतात.

इचलकरंजीच्या मुलाच्या ते क्षणात लक्षात आलं. "म्हणजे मेस्त्रीमामांचा पत्राच की." हो, तोच. हलणाऱ्या दोन गोष्टींमधे, दोघांना न बांधता बसवलेला. लाडखानच्या दगडी पट्टीलाही त्यानं त्याच ओळीत बसवलं. मी काही बोलले नाही, त्याला पुढं बोलू दिलं. मग भर पावसात, छत्र्या एकमेकींना लावून, प्रत्येकानं त्या लांबलचक इमारतीचं रेखाचित्र काढलं आणि आपल्या अंदाजानं जॉइंटच्या रेघा मारल्या. कुणी दोन, कुणी चार. खऱ्या जागा बघायला आत जायची परवानगी मैत्रीण पुढच्या खेपेसाठी रीतसर मागणार आहे.

२०२३ मध्ये उघडलेली रेल्वे स्टेशनची नवी इमारतही मुलांनी परतीच्या गाडीची वाट बघताना मोजली. प्लॅटफॉर्मच्या पत्र्याची पन्हळ कुठं उतरते ते शोधण्यात शेवटचा तास गेला. गाडी आली तेव्हा दोन मुली अजून खांबाशी टेप धरून होत्या.

शीटं आता माझ्याकडे आली आहेत. मैत्रिणीला त्यात ‘जुनं विरुद्ध नवं’ असं एक तरी शीट हवं होतं, परीक्षकांना ते समजायला सोपं जातं. मुलांनी ते केलं नाही. त्यांनी एकाच कागदावर पाच सांधे एकाखाली एक काढलेत, एकाच स्केलला: लाडखान, कमल बस्ती, मंगळुरी कौल, आजींच्या घराची पन्हळ आणि एक्स्पान्शन जॉइंट. लाडखान पुस्तकावरून, जॉइंट संहितेवरून, मधले तीन स्वतः मोजून. कोपऱ्यात सगळ्यांची नावं आहेत आणि शेवटी येळ्ळूरच्या मेस्त्रींचं. ते शीट मी ऑफिसात लावलंय. गळती घेऊन येणाऱ्या माणसाला आता खुर्चीत बसवून आधी तेच दाखवते.

आजींच्या घराचं काम दसऱ्यानंतर सुरू होतंय. पत्रा आणलाय, कौलाची शेवटची ओळ उतरवून नंबर घालून ठेवायची, आठ इंच आत, फूटभर वर, सगळं मुलांच्या ड्रॉइंगप्रमाणं. पुढच्या जुलैत दुसरी बॅच येतेय. शहापूर, वडगाव किंवा खासबाग भागात कौलाच्या घराला स्लॅबची खोली जोडलेली असेल आणि पावसात मुलं दोन-तीन तास घरात वावरलेली चालणार असतील, तर मला कळवा. मोजमाप आणि ड्रॉइंगची एक प्रत घरमालकाला मिळेल, आणि मेस्त्रीमामा गळतीची जागा स्वतः येऊन बघतील. चहाची सोय आम्ही आमची करू.